मौखिक साक्ष आणि सोलापूरचा मार्शल लॉ

शुक्रवार पेठेसारख्या सोलापूरच्या जुन्या वस्त्यांत १९३० च्या मार्शल लॉची आठवण मुख्यतः सांगण्यातून टिकली. ८ मे रोजी गोळीबार झाला. १२ मे ते ३० जून लष्करी कायदा होता. मधल्या काळात शहर ‘स्वतंत्र’ होते, असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र ते दिवस कोणी तीन मोजतो, कोणी चार. मोजणी कोठून करावी, हा प्रश्न आहेच; परंतु तफावतीचे कारण आठवण्याच्या क्रियेतही असू शकते.

करीम नादर, ग्लेन शाफ व जोसेफ लेदू यांचा २००० सालचा प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. विशिष्ट ध्वनीची भीती बसलेल्या उंदरांना तो ध्वनी पुन्हा ऐकवून लगेच मेंदूतील अमिग्डाला या भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले असता भीती पुढे ओसरली. ध्वनी न ऐकवता दिले असता ती टिकली. म्हणजे जागी झालेली स्मृती काही काळ अस्थिर होते, तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. उंदराची भीती आणि शहराचा अभिमान एका मापाने मोजता येत नाहीत, हे खरेच.

तथापि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर मे महिना आठवणाऱ्याला ती फाशी बाजूला ठेवून आठवणे कठीण होते. म्हणून साक्ष नोंदविताना ती यापूर्वी कितीदा, कोणासमोर व कोणत्या प्रसंगी सांगितली गेली, हेही अभ्यासकाने विचारावे.