पाचवे शील आणि नशाबंदीचा कायदा : एक ऐतिहासिक विचार

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा मद्यपान न करण्याची आहे. ही गोष्ट प्रत्येक उपासकाला ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी अवघी पाच वर्षे, म्हणजे ऑक्टोबर १९५१ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदीचा कायदा रद्द करावा अशी मागणी केली होती, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. त्या तशा आहेत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारण आहे. जगातील अनेक देशांत गांजा आणि तत्सम द्रव्यांवरील बंदी शिथिल होत आहे. मनोविभ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांवर विद्यापीठांतून पुन्हा संशोधन सुरू झाले आहे. 'कायद्याने मोकळे केले, मग शीलाने का अडवावे?' असे आपली तरुण मंडळी विचारतात, तर 'शील राखणे हे पोलिसांचे काम' अशा समजुतीने काही वडीलधारे स्वस्थ बसतात. या दोन्ही विचारांत शील आणि दंड यांची गल्लत झालेली आहे.

शिक्षापदाचा अर्थ

पाचव्या शिक्षापदात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. विनयपिटकातील सुत्तविभंगानुसार सुरा म्हणजे पीठ, अपूप, भात इत्यादींपासून केलेले मद्य, आणि मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांचा आसव. येथे गांजाचे नाव नाही, एलएसडीचे असण्याचा प्रश्नच नाही. म्हणून हे शील फक्त दारूपुरते आहे, असा युक्तिवाद पाश्चात्त्य देशांतील काही बौद्ध करतात. तथापि खुद्दकपाठाच्या अट्ठकथेने 'मज्ज' शब्दाची व्याप्ती स्पष्ट केली आहे. सुरा आणि मेरय ही तर मज्ज आहेतच, पण त्यांखेरीज जे काही सेवन केल्याने माणूस मत्त आणि प्रमत्त होतो तेही मज्जच, असे ती सांगते. शीलाचा रोख पदार्थाच्या नावावर नसून 'पमादट्ठान' या शब्दावर, म्हणजे प्रमादाच्या कारणावर आहे.

भिक्षूंना मद्यपान निषिद्ध करणाऱ्या नियमाची कथाही हेच सांगते. भद्दवतिका येथे नागाचे दमन करणारे सागत थेर कोसंबीतील उपासकांनी घरोघरी दिलेली सुरा प्याले आणि नगराच्या वेशीत कोसळले. नागाला जिंकणारा हा सागत आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय, असे तथागतांनी भिक्षूंना विचारले. या कथेत देवाचा कोप नाही की नरकाचे भय नाही. स्मृती गेली म्हणजे सामर्थ्य जाते, एवढाच साधा निष्कर्ष आहे.

दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात पिलिंदवच्छ थेरांच्या वातविकारावर मद्य घालून तेल शिजविण्याची अनुज्ञा दिली आहे. मात्र त्यात मद्याचा वर्ण, गंध आणि रस जाणवता कामा नये, अशी मर्यादाही घातली आहे. याच प्रकरणात 'भंगोदक' नावाचा एक उपचार येतो. काही आधुनिक भाषांतरकारांनी त्याचा अर्थ भांगेचे पाणी असा केला असला, तरी अट्ठकथेच्या मते ते निरनिराळी पाने उकळून केलेले पाणी होय. शब्दार्थाचा हा वाद बाजूस ठेवला तरी औषध आणि नशा यांतील भेद विनयाने ओळखला होता, हे निर्विवाद आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षापदाचे क्रियापद. 'समादियामि', म्हणजे मी ग्रहण करतो. ते प्रथमपुरुषी एकवचन आहे. हे शील कोणी कोणावर लादत नाही. ज्याचे तो स्वीकारतो. गृहस्थाने ते मोडल्यास त्याला शिक्षा करणारा कोणी अधिकारी बुद्धांनी नेमला नाही. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, लज्जानाश आणि प्रज्ञेची दुर्बलता. कारणे दाखवून पटवून देणे, ही धम्माची रीत होय.

राज्यसत्ता आणि नशा

राज्यसत्तेची रीत वेगळी आहे, आणि आपल्याकडे तिचा इतिहास महसुलाचा आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूच्या उत्पादनावर सरकारी नियंत्रण घट्ट झाले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला होता. सरकारच्या तिजोरीत भर पडत होती आणि गरिबांच्या चुली विझत होत्या, हे त्यांनी ओळखले होते.

गांजासंबंधी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावर १८९३ मध्ये भारतीय गांजा आयोग नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला. नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्या प्रांतात गांजाची परवानगीप्राप्त लागवड निमाड जिल्ह्यातील खंडव्याच्या परिसरात होत असे; मुंबई इलाख्यात ती प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात होती. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि उचितही नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. बंदी केल्यास लोक अधिक घातक नशेकडे वळतील, अशी भीतीही व्यक्त केली. आज बंदीच्या विरोधात बोलणारे जगभरातील अभ्यासक या जुन्या अहवालाचा आधार घेतात. मात्र त्याच पद्धतीत करवसुलीही अबाधित राहत होती, हे विसरता येत नाही.

संविधान सभा आणि १९५१ चा जाहीरनामा

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मद्यनिषेधाच्या तत्त्वावर चर्चा झाली. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी त्याला विरोध केला. आदिवासींचे नेते जयपालसिंह यांनी, आदिवासींच्या धार्मिक आणि सामाजिक जीवनात तांदळाच्या मद्याला स्थान आहे, त्यांना न विचारता ही बंदी लादू नका, असे बजावले. बाबासाहेबांनी उत्तर देताना दुरुस्ती स्वीकारली. मात्र हे केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे, ते केव्हा आणि कसे अमलात आणावे हे राज्यांनी ठरवावयाचे आहे, आणि आदिवासी क्षेत्रांत तेथील परिषदांचा सल्ला घेतला जाईल, असेही स्पष्ट केले. तेच आजचे अनुच्छेद ४७ होय. औषधी उपयोगाचा अपवाद त्यातही आहे.

तीन वर्षांनी जाहीरनाम्यात बाबासाहेबांची भाषा अधिक परखड झाली. शिक्षण आणि विकास यांसाठी पैसा कोठून आणावयाचा, हा त्यांचा प्रश्न होता. दारूबंदीमुळे सरकारचा महसूल बुडतो, पण पिणे थांबत नाही. उलट दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला आहे. पूर्वी केवळ पुरुष पीत, आता घरातच दारू तयार होत असल्याने स्त्रिया आणि मुलेही तिच्या आहारी जात आहेत आणि गुन्हेगारी वाढत आहे, असे त्यात प्रतिपादन केले होते. हा मद्याचा पुरस्कार नव्हे, एका कायद्याच्या परिणामांची ती चिकित्सा होय. १९५६ मध्ये त्याच बाबासाहेबांनी दंडाची भाषा पूर्णपणे टाळून, जनसमुदायाकडून प्रथमपुरुषी प्रतिज्ञा वदवून घेतली. जे काम पोलिसांच्या हातून झाले नाही, ते माणसाच्या स्वाभिमानाच्या बळावर करावयाचे होते. या दोन भूमिकांत विरोध नाही. पहिलीमुळे दुसरीची आवश्यकता कळते.

बंदीचे नवे जग

पुढे बंदीचे स्वरूप आंतरराष्ट्रीय झाले. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांना १९४३ मध्ये एलएसडीचा मनावरील परिणाम प्रथम जाणवला. १९५० च्या दशकात मानसोपचारासाठी त्याचे प्रयोग झाले. १९६४ मध्ये टिमोथी लिअरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिबेटी बौद्ध परंपरेतील एका ग्रंथाच्या आधारे अशा नशेचे मार्गदर्शक पुस्तकच प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य तरुणांत बौद्ध ध्यान आणि नशा यांची सांगड घातली गेली. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही द्रव्ये कठोर नियंत्रणाखाली आली आणि संशोधन जवळजवळ थांबले. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्याने गांजा आणि चरस यांना दहा वर्षांपर्यंतच्या व त्याहूनही कठोर शिक्षा ठरविल्या, परंतु भांगेची पाने व्याख्येतून वगळली.

अलीकडे वारे फिरले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सिलोसायबिनवरील अभ्यास प्रसिद्ध केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कठोर सूचीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांना ठरावीक विकारांवर एमडीएमए आणि सिलोसायबिन देता येते. दुसरीकडे ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमएला मंजुरी नाकारून आणखी पुरावा मागितला. थायलंड या बौद्ध देशाने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्ये पुन्हा वैद्यांच्या चिठ्ठीची अट घातली. पिलिंदवच्छांच्या तेलाचा न्याय येथेही लागू पडतो. वैद्याच्या देखरेखीखाली रोग्याला दिलेले द्रव्य हे भेसज्ज होय. प्रज्ञालाभाच्या नावाखाली घेतलेले तेच द्रव्य हे पमादट्ठान होय. सति ही जागृत अभ्यासाने येते, गोळीने येत नाही.

विदर्भाचा अनुभव

आता आपल्या दाराशी पाहू. मनीषनगरजवळून जाणारा वर्धा मार्ग बुटीबोरी ओलांडून पुढे वर्धा जिल्ह्यात शिरतो, तो १९७४ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. पुढे चंद्रपूर लागते. तेथे १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. त्यापलीकडील गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. एकाच प्रदेशात कायद्याची ही तीन रूपे आहेत.

चंद्रपूरची बंदी उठविताना अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण शासनाने दिले. ते १९५१ च्या जाहीरनाम्यातील मुद्द्यांची आठवण करून देणारे आहे. परंतु येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही बंदी मुंबईहून लादलेली नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत आलेल्या कष्टकरी स्त्रियांनी ती मागितली होती. ज्यांच्या घरात मजुरीचा पैसा गुत्त्यावर जातो आणि पाठीवर वळ उठतात, त्यांना 'कायद्याने काही होत नाही' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. महाराष्ट्रात स्त्रियांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची तरतूद आहे. उभी बाटली की आडवी बाटली, यावर मत घेतले जाते. हा निर्णय ज्यांना दुःख भोगावे लागते त्यांनीच घेतलेला असतो. म्हणून तो वरून आलेल्या हुकमापेक्षा समादानाच्या अधिक जवळचा आहे.

कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की दस्यूंचा उपद्रव वध-बंधनाने संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्या. नशेच्या प्रश्नालाही हेच सूत्र लागते. गावात दुकान असावे की नसावे, हा गावाचा निर्णय असावा. व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचार मिळावेत. १९८५ च्या कायद्यातही उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला संरक्षण देणारे कलम आहे, ते विहारांनी लोकांना समजावून सांगावे.

कायदे बदलतात. खंडव्याचा परवाना गेला, चंद्रपूरची बंदी आली आणि उठली, उद्या आणखी काही होईल. कायद्याने एखादी गोष्ट मोकळी केल्याने ती प्रमादरहित होत नाही, आणि बंद केल्याने मन निर्मळ होत नाही. दीक्षाभूमीवर घेतलेली प्रतिज्ञा कोणत्याही अधिसूचनेवर अवलंबून नव्हती. ती दर उपोसथाला विहारात पुन्हा उच्चारली जाते, तेव्हा 'समादियामि' या शब्दाचा अर्थ मुलांना आवर्जून सांगितला पाहिजे.