विजयानंतरच्या छावण्या

गोवामुक्तीचा इतिहास सांगतांना १९ डिसेंबर १९६१ या दिवसापाशीं बहुधा पूर्णविराम दिला जातो. त्या दिवशीं गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्वा यांनीं शरणपत्रावर सही केली आणि साडेचारशें वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. परंतु त्याच रात्रीं भारत सरकारपुढें एक नवा प्रश्न उभा राहिला. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक कैद झाले होते. त्यांचें करावयाचें काय?

फोंडा, नावेली, आग्वाद इत्यादि ठिकाणीं युद्धकैद्यांच्या छावण्या उघडण्यांत आल्या. १९४९ च्या जिनीव्हा कराराप्रमाणें लढाई थांबल्यावर अशा कैद्यांना विनाविलंब मायदेशीं पाठवावयाचें असतें. भारतालाहि ते ठेवून घेण्याची हौस नव्हती. अडचण होती ती लिस्बनची. सैनिकांनीं जिंकावें किंवा मरावें, शरण जाऊं नये, अशी सालाझार यांची आज्ञा होती. जिवंत परतणारा प्रत्येक शिपाई त्या आज्ञेच्या फोलपणाची साक्षच ठरणार होता. तिकडे पोर्तुगालनें मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना स्थानबद्ध केलें व त्यांची मालमत्ता गोठविली. एकीकडे गोव्यांतील शिपाई आणि दुसरीकडे आफ्रिकेंतील व्यापारी, असे दोन्ही बाजूंचे लोक ओलीस होऊन बसले. राजनैतिक संबंध तुटलेले असल्यामुळें समोरासमोर बोलण्याची सोय नव्हती. कैद्यांना कोणाच्या वाहनांतून न्यावें, एवढ्यावरूनहि वाटाघाटी अडल्या.

दिवस लांबले, तसें छावण्यांतील वातावरण बिघडलें. १९ मार्च १९६२ रोजीं फोंड्याच्या छावणींतून कांहीं कैद्यांनीं कचऱ्याच्या मोटारींतून पळून जाण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्यांच्या अधिकाऱ्यांना प्राणदंडाची धमकी देण्यांत आली. एका कॅप्टनला बंदुकीच्या दस्त्यांनीं मारहाण झाली. फेरैरा द सिल्वा या लष्करी पाद्र्याच्या मध्यस्थीनें पुढील अनर्थ टळला, आणि मारहाण करविणाऱ्या अधिकाऱ्यास भारत सरकारनें शिक्षा केली. ज्या आग्वादच्या किल्ल्यांत १९४६ सालीं पोर्तुगीजांनीं त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना डांबलें होतें, तेथेंच आतां पोर्तुगीज कैदी होते. अशा वेळीं विजेत्याच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होते; ती शिक्षा म्हणूनच महत्त्वाची.

अखेर मे १९६२ मध्यें तोडगा निघाला. कैदी फ्रेंच विमानांतून कराचीस गेले व तेथून तीन जहाजांनीं लिस्बनला पोहोंचले. गोव्यांतील छावण्या ओस पडल्या. पण मायदेशाच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागतास लष्करी पोलीस बंदुका रोखून उभे होते! १९६३ सालीं व्हासालो इ सिल्वा यांना सैन्यांतून बडतर्फ करण्यांत आलें. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना त्यांचा मान परत मिळाला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालनें गोव्यावरील भारताचें सार्वभौमत्व मान्य केलें.

लढाई दोन दिवसांत संपली; छावण्या मिटावयास मात्र पांच महिने लागले. भूमि जिंकणें सेनापतीच्या हातीं असतें. परंतु शत्रूच्या शिपायाला सुखरूप घरीं पोहोंचविण्यास दोन्ही सरकारांनीं आपापला अभिमान थोडा बाजूस ठेवावा लागतो, आणि तेंच अधिक अवघड असतें.