भट्टीपुढचा डोळा

साठी ओलांडलेल्या वाचकांना चष्म्याच्या दुकानातला ‘क्रुक्स’ हा शब्द आठवत असेल. उन्हाचा त्रास होतो म्हटले की दुकानदार साध्या पांढऱ्या काचेऐवजी फिकट छटेची क्रुक्स काच सुचवत असे. या काचेचा शोध मात्र उन्हासाठी लागला नव्हता. तिच्यामागे भट्टीपुढे उभे राहून बाटल्या फुंकणाऱ्या कामगारांचे डोळे होते.

काच कामगारांची दृष्टी मंदावते, हे निरीक्षण जुने आहे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरच्या 1700 सालच्या ग्रंथात त्याची नोंद केली होती. हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीच्या तोंडाशी जायचे, लोखंडी नळीच्या टोकावर काचेचा रस घ्यायचा, बाजूला येऊन फुंकायचे आणि पुन्हा भट्टीकडे वळायचे, असे ते काम. भट्टीतून प्रकाशाबरोबर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, बाहेर पडतात. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे साठलेली उष्णता लवकर निघून जात नाही. वर्षानुवर्षे असे झाले की भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध गढूळपणा येतो. बहुधा भट्टीच्या बाजूचा डोळा आधी बिघडतो. हा मोतीबिंदू म्हातारपणाची वाट पाहत नाही.

रोग माहीत असूनही दोन शतके त्याची जबाबदारी कोणावर नव्हती. ब्रिटनमध्ये 1906 च्या कामगार भरपाई कायद्याने काही व्यवसायजन्य रोगांना प्रथमच भरपाई लागू केली. कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक थॉमस लेग यांनी बाटली कामगारांचे डोळे तपासले आणि पुढे काच कामगारांचा मोतीबिंदू भरपाईच्या यादीत आला. 1908 मध्ये रॉयल सोसायटीने या प्रश्नासाठी समिती नेमली. आजाराला किंमत पडू लागली, तेव्हा त्यावरच्या उपायाचा शोध सुरू झाला.

हे काम सर विल्यम क्रुक्स यांनी अंगावर घेतले. थॅलियम या मूलद्रव्याचा शोध लावणारे हे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. काचेत निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून त्यांनी तीनशेहून अधिक नमुने तयार केले आणि कोणता नमुना कोणते किरण अडवतो ते मोजले. सिरियम अतिनील किरण अडवते, तर लोहाचे एक संयुग उष्णतेचे किरण शोषून घेते. काही नमुने नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता अडवत होते.

पण केवळ किरण अडवून भागणार नव्हते. गडद काच लावली की डोळा वाचतो आणि काम बुडते. रस पुरेसा तापला आहे की नाही, हे कारागीर त्याच्या रंगावरून ओळखतो. तोच रंग चष्म्याने बदलला, तर त्याने अंदाज कशावर बांधायचा? म्हणून काच जवळजवळ रंगहीन असावी, असा क्रुक्स यांचा प्रयत्न होता. त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.

पुढची कथा वेगळ्या वाटेने गेली. क्रुक्स यांच्या नावाची काच चष्मेवाल्यांनी उचलली आणि ती उन्हात फिरणाऱ्यांच्या नाकावर बसली. कारखान्यातला धोका कमी होण्यात चष्म्याइतकाच, कदाचित अधिक, वाटा यंत्राचा होता. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे बाटल्या बनवणारे स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीच आले होते. ते पसरत गेले तसा फुंकणारा माणूस भट्टीपासून दूर गेला.

लंडनमध्ये समिती नेमली गेली त्याच 1908 साली आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. हा इतिहास आपण स्वदेशीचा आणि जिद्दीचा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. त्या कंदिलाच्या उजेडात किती जणांनी अभ्यास केला, हेही आपण कौतुकाने सांगतो. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्यांच्या डोळ्यांची चौकशी मात्र त्यात क्वचितच येते.

स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 35 आले. उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांपासून डोळे वाचवण्यासाठी योग्य पडदे किंवा गॉगल पुरवण्याची सक्ती राज्य सरकार त्यानुसार नियमाने करू शकत होते. अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदूही भरपाईच्या यादीत आहे. तरीही अडचण उरतेच. मोतीबिंदू आपल्याकडे इतका सर्रास आढळतो, की भट्टीने दिलेला मोतीबिंदू वयाच्या खात्यात सहज जमा होतो. शस्त्रक्रिया होते, दिसू लागते आणि तो कशामुळे झाला हे कोणी विचारत नाही. नेत्र शिबिरातल्या नोंदवहीत नाव आणि वय लिहितात, तिथेच ‘काम काय केले?’ असा एक रकाना असला, तर या इतिहासाचे हरवलेले पान निदान पुढच्या पिढीला वाचता येईल.