न फेकलेल्या चेंडूंचा हिशोब

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्यातला एक विक्रम १९५२ सालापासून जागचा हललेला नाही. लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या डिक लेन नावाच्या नवख्या खेळाडूने त्या एका हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास मधल्यामध्ये पकडले. तेव्हा हंगाम १२ सामन्यांचा असायचा. १९६१मध्ये तो १४ सामन्यांचा झाला, १९७८मध्ये १६ आणि २०२१मध्ये १७. सामने वाढले, पास फेकण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं, खेळाडूंचा खुराक, व्यायाम, व्हिडिओ बघून केलेला अभ्यास सगळं बदललं. १४चा आकडा मात्र तिथेच आहे.

विक्रमाच्या सर्वांत जवळ गेलेला लेस्टर हेज हा १९८०मध्ये १६ सामन्यांत १३वर थांबला, तेही हातांना ‘स्टिकम’ नावाचा चिकट पदार्थ भरभरून फासून. पुढच्याच वर्षी लीगने स्टिकमवर बंदी घातली. अलीकडे, २०२१मध्ये, ट्रेव्हॉन डिग्जने ११ पास पकडले तेव्हा केवढी चर्चा झाली! तरीही तो तीनने मागेच होता.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, म्हणून थोडं समजावून सांगते. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा. रिसीव्हर हा ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो झेलणारा. आणि त्या रिसीव्हरच्या अंगाला सावलीसारखा चिकटलेला, मैदानाच्या कडेला राखण करणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. कबड्डीतला कोपरारक्षक आठवा. चढाईपटू कुठे जाणार हे त्याला आधी माहीत नसतं, पाय मागे घेत घेत अंदाज बांधायचा आणि एका क्षणी झेप घ्यायची. कॉर्नरबॅकचंही तसंच. रिसीव्हरला आपली वाट पाठ असते. कॉर्नरबॅक उलटा धावत असतो आणि समोरच्याच्या कंबरेकडे बघून ती वाट ओळखायचा प्रयत्न करत असतो. अंदाज चुकला तर साऱ्या स्टेडियमसमोर फजिती. बरोबर आला तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. पास जमिनीवर पडतो आणि लोक पुढच्या डावाकडे वळतात. क्वचित कधीतरी कॉर्नरबॅक स्वतःच चेंडू झेलतो. ते इंटरसेप्शन. लेनच्या नावावर एका हंगामात १४ आहेत ते हे.

लेनबद्दल इंटरनेटवर जे फिरतं त्यात एक गोष्ट हमखास असते. कचऱ्यात टाकलेलं बाळ मोठं होऊन महान खेळाडू झालं. मागे संथ पियानो, शेवटी ‘हार मानू नका’. गोष्ट मुळात खरी आहे, लेन स्वतःच ती सांगायचा. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९२८च्या सुमारास, जेमतेम तीन महिन्यांचा असताना, त्याला जन्मदात्या आईने सोडून दिलं होतं. एला लेन नावाच्या विधवा बाईला कचऱ्याच्या पेटीतून आवाज आला. मांजर असेल असं तिला वाटलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बाळ होतं. पदरी स्वतःची मुलं असताना तिने ते घरी नेलं, वाढवलं आणि आपलं आडनाव दिलं.

रीलमध्ये एला लेन चार सेकंद दिसते. मला वाटतं, या चरित्रातला पहिला मोठा निर्णय तिचा आहे. डिक तर तेव्हा फक्त रडत होता.

तो ऑस्टिनमध्ये काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या अँडरसन हायस्कूलमध्ये शिकला. पुढे नेब्रास्कामधल्या स्कॉट्सब्लफच्या ज्युनिअर कॉलेजात वर्षभर फुटबॉल खेळला, मग चार वर्षं लष्करात गेला. तिथेही कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड तळाच्या संघातून खेळत राहिला. बाहेर पडल्यावर लॉस एंजेलिसमध्ये विमानाच्या कारखान्यात नोकरी मिळाली. काम काय, तर तेलाने माखलेले धातूचे जड पत्रे उचलून यंत्राखाली सरकवायचे. ते तेल अंगावर ओघळायचं. कामावर जाता-येता बसमधून रॅम्स संघाचं ऑफिस दिसायचं. १९५२मध्ये एके दिवशी तो त्या ऑफिसात शिरला. बगलेत कात्रणांची वही होती, ज्युनिअर कॉलेज आणि लष्करातल्या सामन्यांची.

त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजांतून खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, लीगच्या १२ संघांनी मिळून ३६० नावं घेतली होती. त्यात लेन नव्हता. रॅम्सही काही साधासुधा संघ नव्हता, आदल्याच वर्षीचा विजेता होता. पण प्रशिक्षक जो स्टायडाहार यांनी वही चाळली आणि सरावाला ये म्हणाले.

इथे थोडं मागे जायला हवं. १९३४पासून १९४५पर्यंत एनएफएलमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता, मालकांचं आपसात ठरलेलं होतं. १९४६मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला आले तेव्हा तिथलं कोलिझियम हे मैदान सार्वजनिक पैशाने बांधलेलं होतं. काळ्या पत्रकारांनी लावून धरलं की या मैदानावर खेळायचं तर संघात काळे खेळाडू हवेत. त्यातून केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना रॅम्सने घेतलं. म्हणजे लेन ज्या दारातून आत गेला ते सहा वर्षांपूर्वी भांडून उघडलेलं होतं. हेच ऑफिस वॉशिंग्टन शहरातल्या संघाचं असतं, तर वहीत काहीही असून उपयोग नव्हता. त्या संघात पहिले काळे खेळाडू दिसायला १९६२ उजाडलं.

रॅम्सने लेनला घेतलं ते रिसीव्हर म्हणून. पण त्या जागेवर एलरॉय हर्श आणि टॉम फिअर्स होते, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. शिवाय रॅम्सच्या डावपेचांची सांकेतिक भाषा लेनसाठी पूर्ण नवी होती. ती समजून घ्यायला तो फिअर्सच्या खोलीत जाऊन बसायचा. तिथे फिअर्स बडी मॉरोची ‘नाइट ट्रेन’ ही रेकॉर्ड सतत वाजवायचा. त्यावरून सोबत्यांनी लेनचं नावच नाइट ट्रेन पाडलं. ते जन्मभर टिकलं.

प्रशिक्षकांनी त्याला बचावात हलवलं आणि हिशोब जुळला. ६ फूट १ इंच उंची, लांब हात, जबर वेग. त्यातून रिसीव्हरची वाट आतून ओळखणारा माणूस. तो मुद्दाम रिसीव्हरपासून थोडा लांब राहायचा. क्वार्टरबॅकला वाटायचं, रिसीव्हर मोकळा आहे. चेंडू हातातून सुटला की लेन मधलं अंतर कापत यायचा. १४ इंटरसेप्शन, त्यांवर २९८ यार्डांची धाव, दोन टचडाउन. त्याला आत घेणारे स्टायडाहार मात्र लीगच्या पहिल्याच सामन्यानंतर संघ सोडून गेले होते.

आता विक्रम मोडला का नाही, हे पाहू. त्या काळात पास फेकणं हा जुगार होता. शंभर पासांमागे सहा-सात प्रतिस्पर्ध्याच्या हातात जायचे. आज हे प्रमाण दोन-अडीचच्या आसपास आहे. आजचे क्वार्टरबॅक छोटे, सुरक्षित पास फेकतात. नियमही त्यांच्या बाजूने झुकले आहेत. म्हणजे १४ हा आकडा लेनचा जितका, तितकाच १९५२चाही आहे. यात त्याचं श्रेय कमी होत नाही. त्या काळातले बाकीचे सगळे बचावपटूही त्याच हवेत खेळत होते आणि १३च्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

मला जास्त खुणावतात ती पुढची वर्षं. १९५३मध्ये त्याची इंटरसेप्शन फक्त ३. १९५४मध्ये तो शिकागो कार्डिनल्सकडे गेला आणि पुन्हा १०, लीगमध्ये सर्वाधिक. मग ६, ७, २, २, ३. आकडे बघून वाटेल, गडी थकला. पण बघणारे वेगळंच सांगत होते. क्वार्टरबॅकनी त्याच्या बाजूला चेंडू फेकणंच कमी केलं होतं. अर्धं मैदान आपण होऊन सोडून देत होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सर्व्हरच्या लॉगमध्ये आलेल्या प्रत्येक विनंतीची ओळ असते. जी आलीच नाही तिची ओळ कुठून असणार? नीट बांधलेली सिस्टिम रात्रभर शांत राहते आणि सकाळी दाखवायला काहीच नसतं. कॉर्नरबॅकचं दुखणं हेच आहे. त्याची सर्वांत मोठी कमाई म्हणजे न फेकलेला चेंडू, आणि त्याचा रकाना तेव्हाच्या आकडेवारीत नव्हता. टॅकलही तेव्हा अधिकृतपणे मोजले जात नव्हते. त्यामुळे १९५२चा लेन आकड्यांत लख्ख दिसतो आणि १९५७-५८चा जवळपास अदृश्य होतो. त्या दोन वर्षांतला कोणता खेळ भीतीने टळला आणि कोणता दैवाने, हे आकडे कधीच सांगणार नाहीत.

एक गोष्ट मात्र नोंदली गेली, ती नियमांच्या पुस्तकात. लेनचं टॅकल भयानक असायचं. समोरच्याच्या पायाला किंवा कंबरेला धरण्याऐवजी तो सरळ मानेत हात घालायचा, डोक्याला मिठी मारायचा किंवा हेल्मेटची पुढची जाळी धरून खाली ओढायचा. याला ‘नाइट ट्रेन नेकटाय’ असं नावच पडलं होतं. १९५६मध्ये लीगने जाळी धरायला बंदी केली, पण चेंडू घेऊन पळणाऱ्याची जाळी धरायला मोकळीक होती! १९६२मध्ये ती पळवाटही बंद झाली. बदल एकट्या लेनमुळे झाला असं म्हणता येणार नाही, पण त्याचं नाव या नियमाला कायमचं चिकटलं.

खेळाडू इतका प्रभावी होतो की खेळच बदलावा लागतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. १९७८मध्ये पिट्सबर्गचा कॉर्नरबॅक मेल ब्लाउंट रिसीव्हरांना मैदानभर ढकलत नेतो म्हणून पहिल्या पाच यार्डांनंतर धक्का देण्यावर बंदी आली. तो नियम आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पण लेनच्या बाबतीत कौतुक जरा सांभाळूनच करावं. मानेवरच्या त्या झडपेने कुणाचा तरी मणका मोडू शकत होता. डोक्याला बसलेल्या धक्क्यांचे परिणाम काय होतात, हे सांगत साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडू लीगविरुद्ध कोर्टात गेले आणि २०१३मध्ये तडजोड झाली. नेकटायवर बंदी आली ते उत्तमच झालं. जुन्या चित्रफिती बघताना मला लेन आवडतो आणि त्याच वेळी समोरच्या माणसाची काळजी वाटते. यातलं एक खोटं पाडायची मला गरज वाटत नाही.

१९६०मध्ये तो डेट्रॉइट लायन्सकडे आला. तेव्हा तिशी ओलांडली होती, कॉर्नरबॅकच्या हिशोबाने म्हातारपणच. तरी पुढची चार वर्षं ५, ६, ४, ५. मैदानाच्या दुसऱ्या कडेला तरुण डिक लबो होता. तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या जोडीच्या बाजूला पास फेकणं म्हणजे कुठल्या विहिरीत उडी मारायची ते निवडणं. १९६२च्या थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात याच लायन्सनी तोवर अजिंक्य असलेल्या ग्रीन बेला २६-१४ असं हरवलं आणि त्यांचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याला ११ वेळा खाली पाडलं. तरी विजेतेपदाचा सामना लेनच्या नशिबी कधी आलाच नाही, ना रॅम्सकडून, ना कार्डिनल्सकडून, ना लायन्सकडून.

१९६३च्या उन्हाळ्यात त्याने प्रसिद्ध गायिका डायना वॉशिंग्टनशी लग्न केलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला डेट्रॉइटच्या घरी ती त्याला मृतावस्थेत सापडली. वय ३९, कारण झोपेच्या गोळ्यांचं घातक मिश्रण. तिच्यावर लिहिलेल्या मजकुरात तो एका ओळीत येतो, त्याच्यावरच्या मजकुरात ती एका ओळीत. मीही याहून जास्त काही लिहीत नाही.

१९६५मध्ये तो थांबला तेव्हा नावावर ६८ इंटरसेप्शन होती. एमलेन टनेलच्या ७९ नंतर तेव्हाची सर्वाधिक. १९६९मध्ये लीगच्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम कॉर्नरबॅक म्हणून त्याची निवड झाली, १९७४मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. मुख्य प्रशिक्षक मात्र तो कधी झाला नाही. १९८९मध्ये आर्ट शेल येईपर्यंत आधुनिक एनएफएलमध्ये ती खुर्ची एकाही काळ्या माणसाला मिळाली नव्हती. पियानोवाल्या रीलला ही ओळ परवडत नाही, कारण मग ‘हार मानू नका’ हे कुणाला सांगायचं, हा प्रश्न येतो.

१९७५पासून १९९२पर्यंत त्याने डेट्रॉइटची पोलीस अ‍ॅथलेटिक लीग चालवली. शहरातल्या पोरांना खेळाला लावायचं, रस्त्यावर भरकटू द्यायचं नाही, हे तिचं काम. सतरा वर्षं. खेळाडू म्हणून तो खेळला त्यापेक्षाही जास्त. तिथे किती मुलं वाया गेली नाहीत याचाही रकाना नसणार. २००२मध्ये ऑस्टिनमध्येच, एला लेनने त्याला उचलून घेतलं त्या गावी, तो वारला.

कधी एखादा एनएफएल सामना समोर आला, तर चेंडूचा पाठलाग करू नका. एका डावापुरतं फक्त कडेच्या कॉर्नरबॅककडे बघा. तो उलटा धावेल, वळेल, रिसीव्हरला चिकटून राहील, आणि चेंडू दुसऱ्याच कुणाकडे जाईल. कॉमेंटेटर त्याचं नावही घेणार नाही. तेव्हा तुम्ही जे बघितलंत ते लेनचं खरं काम. १४ ही त्यातली फक्त मोजता आलेली बाजू.