स्टोरीबोर्ड : प्रसंगाचा चित्रमय आराखडा

चित्रीकरणापूर्वी प्रसंगातील प्रत्येक शॉट चौकटीत रेखाटून मांडलेला आराखडा म्हणजे स्टोरीबोर्ड. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटासाठी रूढ पटकथेऐवजी रेखाचित्रांची वही तयार केली होती. निर्मात्यांना ते तीच दाखवीत.

विद्यार्थ्यांच्या सरावासाठी दोन पात्रांचा, एका मिनिटाचा प्रसंग पुरेसा ठरतो. त्याचे सहा ते आठ शॉट पाडावेत. प्रत्येक चौकटीत दूरदृश्य, मध्यदृश्य की समीपदृश्य हे निश्चित करावे. पात्रांची व कॅमेऱ्याची हालचाल बाणांनी दर्शवावी. खाली संवाद आणि अंदाजे सेकंद लिहावेत. चित्रकला अवगत असणे आवश्यक नाही. काड्यांच्या आकृत्याही चालतात.

समोरासमोर बोलणाऱ्या दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नये. अन्यथा संकलनानंतर दोघेही एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो. ही चूक कागदावर खोडरबराने दुरुस्त होते. चित्रीकरणानंतर मात्र सर्वांना पुन्हा एकत्र आणावे लागते.

फिल्म महाग असल्याने पूर्वी प्रत्येक शॉट जपून घेतला जाई. मोबाईल कॅमेऱ्यामुळे ते बंधन उरलेले नाही. त्यामुळेच ‘हा शॉट कशासाठी?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने चौकट रेखाटतानाच स्वतःला विचारणे अधिक गरजेचे झाले आहे.