डॅशबोर्डातील कोंदण

श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने आपल्या मोटारीत टॅब्लेट बसविण्याचा घाट घातला. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग प्लायवूडची चौकट, तीवर काळे कापड, असे करीत त्याने त्या यंत्रासाठी सुबक कोंदण घडविले. ते पाहताना मनात आले की, मोटारीत मागाहून आलेल्या वस्तूला जागा करून देण्याचा हा उद्योग आजचा नव्हे; त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीतला. टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लाकडाची वा चामड्याची फळी लावीत. घोडा गेला, पण फळीचे नाव राहिले आणि तिच्यावर एकेक यंत्र येऊन बसू लागले.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवून ती अटलांटिक सिटी येथील रेडिओ उत्पादकांच्या संमेलनास नेली. आत त्यांचे दालन नव्हते; तेव्हा त्यांनी गाडी बाहेर उभी करून रेडिओ मोठ्याने लावला व येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकविला. ‘मोटोरोला’ हे नाव याच यंत्राचे. तो बसविणे हे मात्र खटपटीचे काम होते. एरियलची सोय करावयाची, बॅटऱ्यांना जागा काढावयाची, इंजिनातील ठिणग्यांमुळे होणारी खरखर दाबावयाची! चालकाचे लक्ष विचलित होईल म्हणून या नवलाईला विरोधही झाला.

पुढे जर्मनीत रेडिओच्या खाचेचे माप ठरले: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. मागाहून १०० मिलिमीटर उंचीची दुप्पट खाचही रूढ झाली. एका ठरीव मापामुळे एका कारखान्याचा रेडिओ दुसऱ्याच्या गाडीत सहज बसू लागला.

मग नकाशे आले. होंडा कंपनीने १९८१ साली काढलेल्या यंत्रात पारदर्शक नकाशाचा पत्रा हाताने पडद्यापुढे सरकवावा लागे. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या ‘इटॅक’ यंत्राचे नकाशे कॅसेटवर असत. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरा मोटारीत तर बोटाने चालणारा पडदाच बसविला गेला. परंतु साध्या कामासाठीही रस्त्यावरून नजर काढावी लागते, अशी तक्रार झाली व काही वर्षांत तो काढून टाकण्यात आला. पुढे २०१० साली आयपॅड निघाला आणि हौशी लोकांनी घरोघरी करवत हाती घेतली. २०१२ साली टेस्लाने १७ इंची पडदा कारखान्यातूनच बसवून दिला.

श्रोतेहो, रेडिओ कानाशी बोलत होता, पडदा डोळ्यांना बोलावतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. एवढे अंतर आपण जणू डोळे मिटून गेलेलो असतो.

भाच्याची पहिली चौकट शेजारच्या आसनापुढे होती. एका जाणत्या मिस्त्रीने ती पाहताच विचारले, “मागे एअरबॅगचे झाकण आहे, ठाऊक आहे ना?” अपघाताच्या क्षणी ती पिशवी फुगली असती आणि हौसेने केलेले ते कोंदण शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीच्या तोंडावर आदळले असते. भाचा काही बोलला नाही; त्याच संध्याकाळी त्याने चौकट उखडली.

आता टॅब्लेट मध्यभागी, रेडिओच्या पोकळीतील लोखंडी पट्ट्यांना स्क्रूंनी घट्ट आवळलेल्या चौकटीत आहे. गाडी उन्हात उभी करताना तो काढून घेता येतो, कारण त्यातील बॅटरीला फार उष्णता सोसत नाही. जावयाचे ठिकाण इंजिन सुरू करण्यापूर्वी नोंदवावयाचे, हा नियम माझ्या बहिणीने घातला आहे. गाडीवानाच्या रक्षणासाठी लावलेल्या त्या जुन्या फळीशी हे सुसंगतच झाले, असे मला वाटते.