जर्सी गाईचे कुलवृत्त

कुळांचे वृत्तान्त लिहिण्याची हौस आपल्या समाजात जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, घराण्याचा विस्तार कोठवर झाला, हे वंशज मोठ्या आस्थेने शोधून काढतात. आज आम्ही श्रोत्यांपुढे एका गाईचे कुलवृत्त ठेवीत आहोत. जर्सी हे नाव महाराष्ट्रात वाडीवस्तीवरच्या गोठ्यापर्यंत पोचले आहे. पण ते मुळात एका बेटाचे नाव, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रात, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ हे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ४५ चौरस मैल. निष्ठा इंग्लंडच्या राजाशी, पण जुने कायदे आणि लोकांची जुनी बोली नॉर्मंडीच्या वळणाची. तेथील गुरेही नॉर्मंडी व ब्रिटनी या शेजारच्या प्रांतांतील गुरांची भाऊबंद होत, असे अभ्यासक मानतात.

मग या भाऊबंदांतून निराळे घराणे निघाले कसे? कोणा चतुर गोपालकाने ते घडविले असेल, असे आपणांस वाटते. खरे कारण जकातीत आहे. बेटावरच्या मालाला इंग्लंडच्या बाजारात जकात माफ असे व तेथील गाईंना किंमतही चांगली येई. तेव्हा फ्रान्समधील गुरे बेटावर उतरवावयाची आणि बेटाची म्हणून पुढे इंग्लंडला धाडावयाची, असा धंदा सुरू झाला. त्यामुळे बेटाची सवलत आणि गाईंची पत दोन्ही धोक्यात आली. म्हणून १७८९ साली, म्हणजे पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडला त्याच वर्षी, बेटाच्या सभेने बाहेरच्या गुरांस कडक बंदी केली. चोरून आणलेले जनावर तत्काळ कापावे व त्याचे मांस गोरगरिबांस वाटावे, असे त्या कायद्यात होते. वंशशुद्धीची कल्पना मागाहून आली. आधी आली ती व्यापाराची काळजी.

परंतु नुसते दार लावून घराणे नावारूपास येत नाही. १८३३ साली बेटावर शेतकी संस्था स्थापन झाली. कर्नल जॉन ल कूतर हे तिचे एक प्रमुख चालक. गव्हाच्या वाणांची निवड करण्यातही या गृहस्थांनी नाव मिळविले होते. पुढल्याच वर्षी, गाईच्या एकेका अंगास किती गुण द्यावयाचे याचे कोष्टक तयार झाले आणि प्रदर्शनांतील निवाडा त्यावरून होऊ लागला. १८६६ साली वंशावळीची नोंदवही सुरू झाली. कायद्याने भिंत बांधली. पण आतले घर उभारले ते निवडीने आणि नोंदीने.

या शिस्तीतून निपजलेली गाय लहानखुरी आहे. वजन सुमारे ४०० किलो, रंग फिकट बदामीपासून गडद तपकिरीपर्यंत, चेहरा किंचित खोलगट, डोळे मोठे, काळ्या नाकाभोवती पांढुरके वलय. शेते लहान, म्हणून गाई खुंट्याला दाव्याने बांधून चारीत. दुधात स्निग्धांश शेकडा ५ च्या आसपास, त्यामुळे लोण्यासाठी तिची ख्याती झाली. दोषही आहेत. व्याल्यावर तिला दुग्धज्वराचे भय अधिक, आणि तिचा वळू तापट असतो.

१९४० ते १९४५ पर्यंत बेट जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. अन्नाची टंचाई झाली, तरी हा गोवंश टिकला. खरी अडचण पुढे, शांततेच्या काळात आली. बेटावरून गेलेल्या गाईंचा वंश अमेरिका, डेन्मार्क, न्यूझीलंड येथे विस्तारला. तेथे हजारो गाईंच्या दुधाच्या नोंदी ठेवून निवड होई, तर बेटावरचा कळप लहान. माहेर मागे पडले आणि लेकी पुढे गेल्या. अखेर पुष्कळ वादानंतर २००८ साली बाहेरच्या शुद्ध जर्सी वळूंचे वीर्य आणण्यास बेटाने परवानगी दिली. दोन शतकांहून अधिक काळ बंद असलेले दार किलकिले झाले; पण तेही नोंदवही हाती घेऊनच.

आपल्याकडे हे घराणे आले ते संकरासाठी. १९६७ साली उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने जर्सी व होल्स्टीन वळूंच्या वीर्याचा उपयोग देशी गाईंवर केला आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दारी नेली. त्याने दूध वाढले, संसारास आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र संकर करावयाचा तर दोन्ही कुळे शाबूत हवीत. जर्सीचे कुळ त्या बेटाने चिकाटीने राखले. आपली खिलार, देवणी, डांगी ही वशिंडाची घराणी राखण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. त्यास समुद्राची तटबंदी लागत नाही. आपल्या जनावराची किंमत ओळखणारी नजर आणि पिढ्यान् पिढ्या न चुकता लिहिलेली वही लागते. जर्सीच्या कुलवृत्तातून आम्ही घेतला तो बोध हाच.